रोज एक पायरी

शिरगाव, रत्नागिरी
४ नोव्हेंबर २०२४, सोमवार

ताई,

अक्षर ओळखलंस ना? पाकीट न फोडता चुलीत टाकणार असशील तर माझी हरकत नाही. पण फोडलंसच, तर शेवटपर्यंत वाच.

तीन वर्षांत तुला एक फोन केला नाही आणि आता एकदम पत्र, याचं नवल वाटेल. फोन हल्ली ह्यांच्याकडेच असतो. माझ्या डोळ्यांना त्रास होतो म्हणून. तुझा नंबरही त्यातच आहे, मला पाठ नाही. आंजर्ल्याचा पत्ता तेवढा पाठ आहे.

तुला कुणी कळवलं की नाही ठाऊक नाही. जुलैत मी पाखाडीच्या पायऱ्यांवरून पडले. आमचं घर तू पाहिलं आहेस, रस्त्यापासून चौऱ्याण्णव पायऱ्या खाली. पावसाने जांभ्यावर शेवाळ धरलं होतं, चप्पल झिजलेली होती, पाय सटकला. मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली आहे.

हे माझं फार करतात. शेजारचे आत्मारामकाका तर येताजाता म्हणतात, “हेमा, मागच्या जन्मीचं पुण्य म्हणून असा नवरा मिळाला.” मिरजोळ्याच्या कारखान्यात ह्यांनी ‘रोज एक छोटी सुधारणा’ असं काहीतरी सुरू केलं होतं, त्याचं बक्षीसही मिळालं होतं. तेच आता घरी चालू आहे. फ्रिजवर तक्ता लावला आहे. सातला उठायचं, सव्वासातला दीर्घ श्वसन, आठला गोळ्या, दुपारी पडून राहायचं, संध्याकाळी सातला झोपेची गोळी. पुढे बरोबरच्या खुणा करायच्या. आणि एक वही आहे. तिच्यात मी रोज तीन ओळी लिहायच्या, आज माझं काय चुकलं आणि उद्या काय सुधारायचं. रात्रीच्या जेवणाआधी हे ती वाचतात.

नम्रता नावाची एक मुलगी व्यायाम शिकवायला यायची. माळनाक्याला राहते. फार गुणी पोर. “काकू, रोज थोडं चाला, दिवाळीला तुम्ही स्वतः रस्त्यावर याल,” म्हणायची. तीन आठवड्यांनी ह्यांनी तिला बंद केलं. घाई करते म्हणाले, सळई हलेल.

पण ताई, मी चालते. हे आठला जातात, बाहेरून कुलूप लावून. मागचं दार दहाला गंगा उघडते. भांडी घासायला येते ती. साडेदहाला ती विहिरीवर गेली की मी माजघरात भिंतीला धरून उभी राहते आणि लाद्या मोजत चालते. पहिल्या दिवशी दोन. आज नऊ. रोज एक तरी लादी जास्त. तक्त्यावर याची खूण नाही, कारण ह्यांना सांगितलेलं नाही. सांगेन कधीतरी.

गंगा पत्र टाकणार आहे. उत्तर द्यावंसं वाटलं तर तिच्या नावावर, शिरगावच्या पत्त्यावर दे. घरी नको.

तुझी
हेमा


२५ नोव्हेंबर २०२४, सोमवार

ताई,

तुझं उत्तर नाही. मी धरलंच होतं तसं, तरी रोज गंगाच्या तोंडाकडे बघते. ती नुसती मान हलवते.

पत्र टाकल्याच्या तिसऱ्या दिवशी एक गोष्ट झाली. बरोबर साडेदहाला पुढच्या दाराचं कुलूप वाजलं. मी माजघराच्या मधोमध, भिंतीपासून दोन हात लांब उभी. हे आत आले. फाईल विसरली म्हणाले. माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता आवाज चढेल. ह्यांचा आवाज कधी चढत नाही, तुला माहीत आहे.

“उभी राहिलीस? छान,” म्हणाले. “पण मला न सांगता?”

मला धरून कॉटवर बसवलं, पाय स्वतः वर उचलून ठेवला. संध्याकाळी वहीत लिहायला सांगितलं: ‘आज मी घरच्यांचा विश्वास मोडला. मला कधीकधी काय करते ते कळत नाही.’ मी म्हटलं, मला कळत होतं. तर म्हणाले, “लिहून तर बघ, बरं वाटेल.” मी लिहिलं. वॉकर दुसऱ्या दिवशी माळ्यावर गेला.

फाईल मात्र कपाटात तशीच होती, ताई.

आता मी गंगाला सगळं सांगितलं आहे. ती विहिरीवर जात नाही, माझ्याबरोबर थांबते. दाराबाहेर खळ्यातून तुळशीपर्यंत जाऊन येते मी. पायात गोळा येतो, दरदरून घाम फुटतो, पण जाते.

आणखी एक. संध्याकाळची झोपेची गोळी मी गिळत नाही. गालात धरते आणि नंतर मोरीत टाकते. आठ दिवस झाले. सकाळी डोकं इतकं स्वच्छ असतं की जुनं काय काय आठवतं. परवा बसून आठवलं, माझा फोन कसा गेला. कुणी हिसकावून घेतला नाही. आधी ठरलं, जेवताना नको. चांगलंच आहे की! मग संध्याकाळी सहानंतर नको. मग बोलताना स्पीकर लावायचा, आपल्यात लपवण्यासारखं काय आहे? मग फोन दिवाणखान्यात राहायचा. मग ह्यांच्या खिशात. प्रत्येक वेळी एवढंसंच. कशावर भांडायचं होतं मी? वाचनालयातली माझी नोकरीही तशीच गेली. आधी शनिवार गेला, मग दुपारपाळी गेली.

फेब्रुवारीत आम्ही इथून जाणार आहोत. जयगडला ह्यांना नवी नोकरी मिळते आहे. घर बघून ठेवलं आहे, गावापासून लांब, वर उजाड सड्यावर. आजूबाजूला घर नाही. “पायऱ्या नाहीत तिथे, तुला बरं,” म्हणाले.

उद्यापासून पाखाडी सुरू करणार आहे. उद्या एक पायरी चढायची आणि उतरायची. परवा दोन. रविवारी हे घरी असतात, तो सोडून रोज एक जास्त.

हेमा


१६ डिसेंबर २०२४, सोमवार

ताई,

गोळी आता दुधात विरघळवून देतात. मागचं पत्र गेलं त्याच आठवड्यात हे सुरू झालं. डॉक्टरांनी सांगितलं म्हणे, पोटाला सोसत नाही. पेला रिकामा होईपर्यंत समोर बसतात. कडवट लागतं. दहा-दहा तास झोपते, सकाळी डोळ्यांच्या पापण्या उचलवत नाहीत. तशीच उठते. गंगा तोंडावर पाणी मारते आणि आम्ही पाखाडीला लागतो.

आज अठरा झाल्या.

तुला हे सगळं का सांगते आहे? कारण एक खोटं तुला लिहिलं आहे आणि ते घेऊन मला पुढची पायरी चढवत नाही.

मी शेवाळावरून घसरले नव्हते.

त्या दिवशी मी तुझ्याकडे यायला निघाले होते. सकाळी अकरा वाजता, पिशवीत दोन साड्या आणि आईचा तो पितळी डबा घेऊन. ह्यांना काही सांगितलं नव्हतं. कसं तोंड दाखवणार होते ते मलाही माहीत नव्हतं. पाऊस थांबला होता. निम्मी पाखाडी चढले आणि वर बघितलं तर हे उतरत होते. लवकर सुटले होते त्या दिवशी.

“कुठे?” म्हणाले.

त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. अगदी हळू, जड असेल म्हणून घ्यावी तशी. “चल, घरी चल,” म्हणाले. आणि मी वळले, ताई. एका शब्दाने भांडले नाही. वळले आणि उतरायला लागले. हे माझ्या मागे.

मग पाठीवर हात आला. धक्का म्हणावा इतका जोर नव्हता त्यात. सावरायला ठेवतात तसाच होता. इतकाच की मी सावरत नव्हते, आणि तो हात मागे गेला नाही. पुढे आला.

अकरा पायऱ्या खाली जाऊन पडले मी. वर बघितलं तर हे त्याच पायरीवर उभे होते, पिशवी धरून. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग हाका मारायला लागले, “काका, धावा, हेमा पडली!”

दवाखान्यात सगळ्यांना मीच सांगितलं, शेवाळ होतं. पाच महिने स्वतःलाही तेच सांगत होते. गोळी बंद होती त्या दिवसांत तो हात आठवला. तळहात, अंगठा, अंगठी. सगळा.

हे कुणाला बोलू नकोस. बोलशील तरी कुणाला! तू हे वाचतेस की नाही, तेच मला माहीत नाही.

हेमा


२० जानेवारी २०२५, सोमवार

प्रिय ताई,

मागच्या पत्रात मी तुला काहीबाही लिहिलं, ते मनावर घेऊ नकोस. ते खरं नव्हे. माझं डोकं हल्ली ठिकाणावर नसतं, गोळ्यांचा परिणाम असेल किंवा वयाचा. असल्या माणसाबद्दल असलं लिहिताना माझा हात कसा झडला नाही? हे माझ्यासाठी किती करतात ते मी रोज बघते. वहीतही लिहिलं आहे मी तसं.

पाय पुन्हा जड झाला आहे. तिसाच्या वर जाववत नाही. आठ दिवसांत नवीन पायरी नाही. बहुतेक जयगडला गेल्यावरच बघू आता.

एकच इच्छा आहे. त्या सड्यावर जाण्याआधी तुला एकदा डोळे भरून बघावं. येत्या गुरुवारी, तेवीस तारखेला, हे घराचं नक्की करायला जयगडला जाणार आहेत, दिवसभर नसतील. गुरुवारी सकाळी अकराला मी गंगाचा हात धरून कशीबशी वर रस्त्यापर्यंत येईन. तुला जमलं तर गाडी घेऊन ये. पाच मिनिटं भेटू. नाही आलीस तर परत खाली उतरेन आणि तुझा नाद सोडेन.

गुरुवार. अकरा वाजता. विसरू नकोस.

सौ. हेमा


माळनाका, रत्नागिरी
३ फेब्रुवारी २०२५, सोमवार

ताई,

सोबत चार पत्रांच्या झेरॉक्स आहेत. आधी त्या वाच, तारखेप्रमाणे लावल्या आहेत. मग हे.

तुला यातलं एकही पत्र मिळालेलं नाही हे आता मला माहीत आहे. चारही माझ्या नवऱ्याकडे, मुकुलकडे होती. गंगा पत्र घेऊन वर जायची आणि संध्याकाळी त्याची स्कूटर रस्त्यावर आली की त्याच्या हातात द्यायची. पहिल्यापासून.

मला कळलं ते जानेवारीच्या सुरुवातीला. एका संध्याकाळी मी दूध पीत होते. तो समोर बसला होता. अगदी मायेने विचारलं त्याने, “हेमा, तुला कधी असं वाटतं का, की मी तुला ढकललं?”

मी पेला तोंडाशी तसाच धरून ठेवला. ती गोष्ट मी जगात एकाच ठिकाणी बोलले होते, तुला लिहिलेल्या कागदावर. “काहीतरीच काय,” म्हटलं आणि दूध संपवलं. मग पडल्या पडल्या सगळं जुळत गेलं. साडेदहाला वाजलेलं कुलूप. दुधातली गोळी. मी ज्या पायरीवर असेन ते त्याला माहीत होतं, आणि तो मला चढू देत होता. का? मी मोजून पाहिलं. रविवार वगळून रोज एक पायरी, म्हणजे चौऱ्याण्णव व्हायला मार्च उजाडला असता. फेब्रुवारीत आम्ही सड्यावर. त्याने हाच हिशेब माझ्या आधी केला होता.

गंगाला मी काही बोलले नाही. पायऱ्या चालू ठेवल्या. मधे एका दिवशी तो घरीच थांबला, तेवढा खाडा. सोमवारी, तुला ते चौथं पत्र लिहिलं त्या दिवशी, सत्तेचाळीस झाल्या. सत्तेचाळीस वर आणि सत्तेचाळीस खाली. घरात येऊन घाम पुसताना एकदम लक्षात आलं. सत्तेचाळीस नि सत्तेचाळीस चौऱ्याण्णव. म्हणजे पायांत चौऱ्याण्णव आहेत! मी रोज परत उतरत होते म्हणून मला निम्म्याच दिसत होत्या.

तेव्हा बसले आणि चौथं पत्र लिहिलं. ते तुला नव्हतं, त्याला होतं. गुरुवार ठरलेला आहे म्हटल्यावर मंगळवारी तो निर्धास्तपणे कामाला जाणार, हे मला ठाऊक होतं. तसाच गेला. कधी नव्हे ते शीळ घालत.

मंगळवारी गंगाने दार उघडलं, भांडी घेऊन बसली. मी तिला न सांगता निघाले. पिशवी नाही, काही नाही. पहिल्या चाळीस पायऱ्या रोजच्यासारख्या गेल्या. सत्तेचाळिसावर पायाने सवयीने खाली वळायला बघितलं, त्याला वळू दिलं नाही. साठाच्या आसपास मांडीत काहीतरी कळवळलं आणि मी बसले ती उठवेना. डोळ्यांपुढे झोप. आदल्या संध्याकाळचं दूध होतंच अंगात.

वरून आवाज आला, “हेमा? तू इथे कशी?” आत्मारामकाका, त्यांच्या कुंपणाच्या गडग्यापाशी. हातात फोन. “थांब, हलू नकोस. मुकुलरावांनी सांगून ठेवलंय, तू कधी बाहेर दिसलीस तर कळवायचं. भ्रम होतो ना तुला मधूनमधून.” आणि माझ्यादेखत त्यांनी फोन लावला. चांगुलपणाने, ताई. माझ्या काळजीपोटी.

मिरजोळ्याहून स्कूटरला वीस मिनिटं लागतात. माझ्यापुढे चौतीस पायऱ्या होत्या.

खालून गंगा धावत येताना दिसली. वाटलं, संपलं. ही आता मला खाली नेणार. ती जवळ आली, माझ्याकडे बघितलं आणि रडायलाच लागली.

“वयनी, गुरवारी जावाचं हुतं ना?”

“तुला कसं माहीत, गंगा?”

तिने तोंडावर पदर धरला. “सायबानी मना सांगलानी, वयनीचं डोस्कं बरं नाय, ती कायबाय लिवते, लोकं हसतील. कागुद माज्याकडं दे, मी बगून टाकतो. मना वाचता येत नाय, वयनी. मना वाटलं, त्ये टाकतायत.” मग खाली बसून म्हणाली, “पन काल म्हनले, वयनी गुरवारी जावाचं म्हनते, तू येव नको कामाला. त्या दिवशी घरात कुनी नको. तवा मना कळलं, सायबांच्या मनात कायतरी वायट हाय.”

गुरुवारी घरात कुणी नको. हे वाक्य मी पुढे कित्येक दिवस मनात म्हणत राहिले आहे.

गंगाने तिचा खांदा माझ्या काखेत घातला. आम्ही चढलो. कशा ते विचारू नकोस. काही पायऱ्या मी बसून, हातांवर रेटून चढले. मोजायच्या राहून गेल्या. काका वरून ओरडत होते, “अगं, ऐक, थांब!” आणि मग पायाखाली डांबर आलं. उन्हाने तापलेलं.

स्कूटर आणि शहराकडे जाणारी एसटी, दोन्ही एकदमच आल्या. मी हात केला. गाडी थांबली. मी दांडा धरला तोच माझ्या कोपराला मुकुलचा हात लागला.

“हेमा,” तो म्हणाला. दम लागलेला, पण आवाज तोच. “चल, घरी चल.”

मी वळले नाही. गाडीकडे तोंड करून दांडा धरून राहिले. त्याने गाडीतल्या लोकांकडे बघून हसून सांगितलं, “माफ करा हं, बायको आजारी आहे. भास होतात तिला. औषधं चालू आहेत.” आत्मारामकाका येऊन पोचले होते, तेही म्हणाले, “हो हो, मी शेजारी आहे. बिचारे फार करतात तिचं.” खिडकीतल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. माझे केस सुटलेले, साडी लाल मातीने भरलेली, पायात चप्पल नाही. वेडी म्हणून आणखी काय लागतं?

मी दांडा आणखी घट्ट धरला. कोपरावरचा हात हळूहळू आवळत होता. कुणाला दिसणार नाही इतपत.

गंगा किंचाळली, “सोडा तिला! वयनी बरी हाय! मी रोज बगतंय, तिला कायसुदीक झालेलं नाय!”

कंडक्टर बाई होती. तिशीची असेल. पुढे येऊन पायरीवर उभी राहिली. मुकुल तिला सांगायला लागला, “मॅडम, तुम्ही गाडी सोडा, मी…”

“तुम्ही थांबा हो, साहेब. मी बाईंना विचारते.” आणि वाकून मला म्हणाली, “काय हो ताई, तुम्हाला कुठं जायचंय?”

“माळनाक्याला,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

“बोलतायत की व्यवस्थित,” ती म्हणाली, आणि माझा दुसरा हात धरून मला वर ओढलं. क्षणभर मी दोघांच्या मधे होते. मग त्याने सोडलं. इतक्या लोकांत तो ओढाताण करणारा नव्हे. बेल वाजली, गाडी हलली. मागच्या काचेतून पाहिलं, तो हाताची घडी घालून उभा होता आणि काका त्याच्या पाठीवर थोपटत होते.

नम्रताने दार उघडलं आणि एक शब्द न विचारता आत घेतलं. त्याला आता तेरा दिवस झाले.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी तोही आला, इस्त्रीचा शर्ट घालून, जाडजूड फाईल घेऊन. त्यात माझी वही होती. ‘मला काय करते ते कळत नाही’, ‘आज पुन्हा गोंधळले’, ‘मी घरच्यांना फार त्रास देते’. माझ्याच अक्षरात, रोजच्या रोज, सहा महिने. फाईलच्या तळाशी ही पत्रं, पुरावा म्हणून. माझे भास किती वाढले होते ते दाखवायला.

तिथल्या पोलीस बाईंनी पत्रं शांतपणे वाचली. मग त्याला विचारलं, “बहिणीला लिहिलेली आहेत. तुमच्याकडे कशी?”

“काळजीपोटी,” तो म्हणाला.

त्यांनी झेरॉक्स काढून मला दिल्या. पण पाठीवरचा हात कुणी पाहिलेला नाही, आणि वही तर सगळ्यांना दिसते. अठरा तारखेला संरक्षण अधिकाऱ्यांकडे बोलावलं आहे. काय होईल ते मला सांगता येत नाही.

आता जे लिहिणार आहे ते लिहू नये असं नम्रता म्हणते. पण लिहिते.

मुकुल रोज सकाळी दहाला येतो. काही बोलत नाही, शिवी नाही, दमदाटी नाही. पाच मिनिटं उभा राहतो आणि जातो. पहिल्या दिवशी नाक्यावरच्या दुकानापाशी होता. मग विजेच्या खांबाशी. मग समोरच्या फुटपाथवर. शनिवारी फाटकापाशी. काल रविवार, तरी आला, फाटकाच्या आत होता. शेजारपाजारचे त्याला नमस्कार करायला लागले आहेत. नम्रताच्या आईने काल त्याला पाणी दिलं. “इतकं वाईट नसावं गं माणूस,” असं ती मला आज सकाळी म्हणाली, नजर चुकवून. पोलिसांना सांगितलं तर विचारतात, त्याने केलं काय? आज दहाला तो खालच्या पायरीवर बसला, तो अजून उठलेला नाही.

इथे मी फार दिवस राहू शकत नाही.

आईच्या वर्षश्राद्धाला, ओटीवर सगळ्यांसमोर, तू मला म्हणाली होतीस, “हेमा, हा तुला रोज थोडी थोडी संपवतोय.” आणि मी काय म्हटलं ते तुला आठवत असणार. “तुझा संसार झाला नाही, म्हणून तुला माझा बघवत नाही. पुन्हा माझ्या दारात येऊ नकोस.” पहिल्या पत्रात हे लिहायची मला हिंमत झाली नव्हती. तुझा चेहरा त्या वेळी कसा झाला होता ते मी पाहिलं होतं, आणि मुकुलने माझा हात कौतुकाने दाबला होता, तेही. त्या दाबण्याचं मला सुख झालं होतं, ताई. सगळ्यात जास्त लाज त्याची वाटते.

क्षमा माग असं तू सांगितलेलं नाहीस, तरी मागते.

मला आंजर्ल्याला यायचं आहे. पण आधी हे नीट समजून घे. तू एकटी राहतेस. तुझं घर गावाच्या टोकाला आहे. मुकुलला रस्ता माहीत आहे, दार माहीत आहे, आणि या पत्रांमुळे माझा जीव कुठे अडकलेला आहे तेही माहीत आहे. मी आले तर तो येईल. पहिल्या दिवशी एसटी थांब्यावर उभा राहील, आणि मग रोज थोडा पुढे. हे लपवून मला तुझ्या दारात यायचं नाही.

नको म्हणालीस तर मला राग येणार नाही. मी दुसरी वाट शोधीन, पाय आहेत आता.

खाली नम्रताचा नंबर लिहिला आहे. पाकिटावर तिकीट मी स्वतः लावलं आहे आणि पेटीपर्यंतही मीच जाणार आहे, तो उठून गेला की.

सगळं वाचून, विचार करून सांग.

येऊ का?

हेमा